झेब्रा झेडटी४११: मध्ये संगणक न ठेवता पीएलसीला जोडताना

लाइनवरच्या पीएलसीने (यंत्रे चालवणाऱ्या औद्योगिक नियंत्रकाने) थेट लेबल छापायचे ठरले, की प्रिंटर निवडताना वेग आणि डीपीआय (एका इंचातले ठिपके) दुय्यम होतात. लेबल मागवणे सोपे असते. ते छापून बाहेर आले का, शाईची रिबन संपली का, छपाईचे हेड उघडे राहिले का, हे पीएलसीला कळणे अवघड. झेब्राचा झेडटी४११ हा लेबल प्रिंटर या कसोटीला चांगला उतरतो, म्हणूनच तो सुचवावासा वाटतो. पुढचे तपशील सीमेन्स एस७-१२०० सोबतच्या जोडणीचे आहेत, पण टीसीपीवर साधे बाइट पाठवू शकणाऱ्या कुठल्याही पीएलसीला त्यातले बरेचसे लागू पडेल.

यंत्राची ओळख थोडक्यात: छपाईची रुंदी १०४ मिमी, हेड २०३, ३०० किंवा ६०० डीपीआयचे, आणि २०३ डीपीआयला वेग सेकंदाला १४ इंचांपर्यंत. इथरनेट, आरएस-२३२, यूएसबी आणि ब्लूटूथ मूळ यंत्रातच येतात. ॲप्लिकेटर (लेबल आपोआप चिकटवणारे यंत्र) जोडण्याच्या पोर्टचे कार्ड वेगळे मागवावे लागते. आयपी पत्ता समोरच्या टच पडद्यावरून घालता येतो. तो स्टॅटिकच (कायमचा) ठेवा. डीएचसीपीवर (नेटवर्क आपोआप पत्ता देते त्यावर) सोडला आणि एक दिवस बदलला, तर पीएलसी जुन्याच पत्त्यावर हाका मारत बसते.

आरएस-२३२ ची वाट शक्यतो टाळावी. सीएम १२४१ हे सिरीयल मॉड्यूल, नल-मोडेम केबल, दोन्हीकडचा बॉड रेट आणि हँडशेक जुळवणे, शिवाय साधारण १५ मीटर लांबीची मर्यादा. इथरनेटला यातले काहीच लागत नाही. सीपीयूच्या प्रोफिनेट पोर्टवरूनच साधी टीसीपी जोडणी करायची: पार्टनर पोर्ट ९१००, जोडणी सुरू करणारी बाजू पीएलसी, आणि बाइट पाठवण्याची पीएलसी प्रोग्राममधली सूचना टी-सेंड-सी.

पहिली अडचण इथेच येते. सीमेन्सच्या स्ट्रिंगच्या (मजकूर साठवण्याच्या जागेच्या) सुरुवातीला लांबी सांगणारे दोन बाइट असतात. स्ट्रिंगची मेमरी जशीच्या तशी पाठवली तर तेही प्रिंटरकडे जातात. शिवाय एका स्ट्रिंगमध्ये २५४ पेक्षा जास्त अक्षरे मावत नाहीत आणि संपूर्ण लेबलाचे झेडपीएल (झेब्रा प्रिंटरची आज्ञांची भाषा) ही मर्यादा सहज ओलांडते. म्हणून स्ट्रिंग-टू-चार्स ही सूचना वापरून मजकूर बाइटच्या ॲरेत उतरवा आणि त्या सूचनेने मोजून दिलेली संख्याच टी-सेंड-सीच्या लांबीला द्या. मागचे लेबल लांब आणि आताचे आखूड असेल, तर चुकीच्या लांबीमुळे ॲरेतले जुने शेपूटही सोबत जाते.

त्याहून चांगला मार्ग म्हणजे लेबलाचा साचा प्रिंटरमध्येच ठेवणे. ^डीएफ या आज्ञेने साचा ‘ई:’ मेमरीत एकदाच साठवा, बदलत्या जागांना ^एफएन क्रमांक द्या. नंतर पीएलसीने ^एक्सएफ ने साचा बोलवायचा आणि फक्त बॅच क्रमांक, वजन, तारीख एवढेच पाठवायचे. साचा ‘आर:’ मध्ये ठेवू नका, ती रॅम आहे. वीज गेली की साचाही गेला. उलट ‘ई:’ ही फ्लॅश मेमरी, त्यामुळे प्रत्येक लेबलागणिक साचा नव्याने लिहिणेही चूक. देवनागरी मजकूर हवा असेल तर युनिकोड फॉन्ट प्रिंटरमध्ये चढवून, ^सीआय२८ (यूटीएफ-८ निवडणारी आज्ञा) लावून तो मजकूर साच्यातच ठेवावा. यूटीएफ-८ मध्ये देवनागरीचे प्रत्येक चिन्ह तीन बाइटचे असते. एका बाइटच्या अक्षरांवर चालणाऱ्या स्ट्रिंगमध्ये ते हाताळत बसण्यात अर्थ नाही. स्कॅनरवरून आलेला डेटा मात्र तपासून पाठवा. त्यात ^ किंवा ~ आले, तर प्रिंटर ती आज्ञा समजतो.

टी-सेंड-सीचा ‘डन’ बिट आला म्हणजे लेबल छापले, असे गृहीत धरलेले प्रोग्राम फार दिसतात. ‘डन’चा अर्थ बाइट रवाना झाले, एवढाच. खरी माहिती ~एचएस ही प्रिंटरची स्थिती विचारणारी आज्ञा पाठवल्यावर मिळते. उत्तर तीन ओळींत येते, प्रत्येक ओळ एसटीएक्स या नियंत्रण-बाइटने सुरू होऊन ईटीएक्सने संपते. पहिल्या ओळीतला दुसरा रकाना कागद संपल्याचा, तिसरा पॉजचा. दुसऱ्या ओळीत तिसरा रकाना उघड्या हेडचा, चौथा रिबनचा आणि नववा बॅचमधल्या उरलेल्या लेबलांचा. हे उत्तर वाचताना टी-रिसीव्ह-सी या बाइट घेणाऱ्या सूचनेत ॲड-हॉक (आले तेवढे बाइट लगेच देणारा पर्याय) चालू ठेवा, नाहीतर ठरवलेली लांबी भरेपर्यंत ती सूचना थांबूनच राहते. उत्तर तुकड्यांनीही येऊ शकते, तेव्हा तिसरा ईटीएक्स येईपर्यंत बाइट साठवत जा. बराच वेळ काही न पाठवल्यास प्रिंटर जोडणी स्वतःहून बंद करू शकतो. ठरावीक अंतराने ~एचएस विचारत राहिल्याने तोही प्रश्न सुटतो.

लेबल आपोआप चिकटवायचे असेल तर ॲप्लिकेटर कार्डाचा खर्च टाळू नये. छपाई सुरू करण्याचा सिग्नल, छपाई संपल्याचा, कागद आणि रिबन संपल्याचा, हे सगळे तारेवर मिळते. कार्डाचा व्होल्टेज आधी तपासा. एस७-१२०० चा २४ व्होल्टचा इनपुट १५ व्होल्टखाली ‘१’ धरण्याची खात्री नसते. छपाई संपल्याच्या सिग्नलचे चार प्रकार ^जेजे ने निवडता येतात. तिसरा आणि चौथा फक्त २० मिलिसेकंदांचा ठोका देतात. पीएलसीचा स्कॅन (प्रोग्रामची एक फेरी) त्याहून लांबला तर तो ठोका दोन स्कॅनच्या मधे हरवतो, आणि अशी चूक कधीतरीच दिसत असल्याने शोधणे जिकिरीचे होते. पहिला किंवा दुसरा प्रकार घ्या: लेबल पुढे सरकत असेपर्यंत सिग्नल टिकतो, आणि १०० मिमी लेबलाला कमाल वेगातही सुमारे २८० मिलिसेकंद लागतात. मग त्या सिग्नलची मागची कड पकडा. तिसरा-चौथाच हवा असेल तर इनपुटवर पल्स कॅच (छोटा ठोका धरून ठेवणारी सोय) चालू करा.

एक फॅक्टरी सेटिंग मात्र अनुक्रमांकाच्या लेबलांना घातक आहे. कागद संपून छपाई अडली, की नवा रोल घातल्यावर प्रिंटर तेच लेबल पुन्हा छापतो. अर्धवट लेबलावरचा बारकोड वाचता येण्याजोगा असला, तर एकाच क्रमांकाची दोन लेबले लाइनवर येतात. ^जेझेडएन पाठवून हे बंद करा, पुन्हा छापायचे की नाही हे पीएलसीला ठरवू द्या, आणि प्रिंटरच्या पुढे एक स्कॅनर लावून प्रत्येक क्रमांक पडताळा.