३६ च्या जागी ४१

मी बेळगावच्या उद्यमबागेत लेथवर काम करतो. वीस वर्षं झाली. हातात मायक्रोमीटर घेऊन तपासल्याशिवाय एक पीस पुढं सरकवत नाही, कारण केसभर फरक पडला तरी अख्खा लॉट परत येतो. असा मी, आणि पोराच्या ॲडमिशनचा फॉर्म मात्र न वाचता सही करून दिला. सांगायची लाज वाटते. पण येत्या मे-जूनमध्ये आपल्यातलेच पालक पुन्हा तसल्याच व्हरांड्यात उभे असणार, म्हणून सगळं लिहून टाकतो.

आम्ही येळ्ळूरचे. पोरगा मराठी माध्यमातनं शिकला. 2024 ला दहावीत 625 पैकी 571 पडले. आजीला घेऊन सिव्हिल हॉस्पिटलच्या, म्हणजे आताच्या बिम्सच्या, चकरा मारता मारता डॉक्टर व्हायचं त्याच्या डोक्यात बसलं होतं. आमच्या घरात बारावीच्या पुढं कुणी गेलेलं नाही, त्यामुळं पीयूसीला, म्हणजे कर्नाटकातल्या अकरावी-बारावीला, काय घ्यायचं, कशाला घ्यायचं, हे विचारायला माणूसच नव्हतं.

बेळगावातल्या एका खासगी पीयू कॉलेजात गेलो. नाव लिहीत नाही. खिडकीवर ही गर्दी. आतला क्लार्क भराभर कन्नड बोलत होता. मला कन्नड येतं, पण ते बाजारातलं. वाचायला बसलो तर अक्षर लावत लावत वाचावं लागतं. फॉर्म कन्नड आणि इंग्रजीत. मागनं लोक ढकलतायत. तेवढ्यात बाजूच्या टेबलावरनं आवाज आला, ‘‘काय मामा, कुठनं आलासा?’’

एवढं बोलणं पुरलं. आपली बोली ऐकली आणि माझा अर्धा जीव तिथंच खाली बसला. तिशीतला पोरगा, इस्त्रीचा शर्ट, समोर फायलींचा ढीग, गळ्यात कसलंसं ओळखपत्र. खुर्ची दिली, पाणी मागवलं. मला वाटलं, हा कॉलेजचाच माणूस.

तो म्हणाला, पीसीएमबी फुल्ल झालंय, आता फक्त पीसीएमसीत जागा आहे. ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी सांगतो, तेव्हा मलाही माहीत नव्हतं. आपल्याकडं पीयूसी सायन्सला दोन भाषा आणि चार विषय. फिजिक्स, केमिस्ट्री, मॅथ्स हे तीन दोन्हीकडं सारखे. चौथा बायॉलॉजी असला तर पीसीएमबी, कॉम्प्युटर असला तर पीसीएमसी. पीसीएमबीवाल्याला इंजिनिअरिंगही करता येतं आणि मेडिकलही. पीसीएमसीवाल्याला बायॉलॉजीच नाही, त्याला तेवढ्यावर मेडिकलचं दार बंद. त्यानं मला हे बरोबर उलटं सांगितलं. म्हणे कॉम्प्युटर घेतलं की दोन्ही दारं उघडी राहतात, मेडिकल नाही झालं तर कॉम्प्युटर इंजिनिअर तर होईल!

पोरगा म्हणाला, ‘‘पण सर, नीटला बायॉलॉजी लागतं की.’’ तर त्या माणसानं फायलीतनं एक झेरॉक्स काढली. राष्ट्रीय आयुर्विज्ञान आयोगाची, नोव्हेंबर 2023 ची सूचना. पिवळ्या हायलायटरनं दोन ओळी रंगवलेल्या. बारावीला बायॉलॉजी नसलं तरी ते जादा विषय म्हणून मान्यताप्राप्त बोर्डाकडनं पास होता येतं आणि मग नीट देता येते. ‘‘ते आम्ही एनआयओएसमधनं, म्हणजे मुक्त शाळेतनं, करून देतो. रजिस्ट्रेशन, पुस्तकं, प्रॅक्टिकल, सगळं आमच्याकडं. 28 हजार.’’

आता गंमत बघा, ती झेरॉक्स खोटी नव्हती. आजही तपासा, सूचना खरी आहे. 2024 साली सर्वोच्च न्यायालयानंही मुक्त शाळेतल्या मुलांच्या बाजूनंच निकाल दिलाय, तेही खरं. एनआयओएस ही केंद्र सरकारची संस्था, तीही खरी. उलटसुलट केलेलं ते दारांचं बोलणं सोडलं, तर त्या टेबलावरचं बाकी सगळं खरं होतं. एकच गोष्ट सांगितली नव्हती: माझ्या पोराचं नाव त्या संस्थेत कधी जाणारच नव्हतं. कागद खोटा असता तर कदाचित कुणी पकडला असता. खरा कागद दाखवून पैसे मागितले की समोरचा काय विचारणार?

वर आणखी एक गाजर. तो म्हणाला, तुमचं गाव महाराष्ट्र हक्क सांगतो त्या 865 गावांच्या यादीतलं, महाराष्ट्रात सीमाभागाच्या कोट्यात सीट आहेत, ते पण बघू. हेही खरंच. महाराष्ट्राच्या मेडिकल प्रवेशात सीमाभागातल्या मराठी मुलांसाठी मोजक्या जागा असतात. पण त्या जागेलाही नीट लागते आणि बायॉलॉजी लागतंच, हे त्यानं सांगितलं नाही आणि मलाही सुचलं नाही. सीमाभाग म्हटलं की आमच्या छातीत काहीतरी होतं, ते त्याला पक्कं ठाऊक असणार.

मी सोसायटीतनं उचल घेऊन 28 हजार रोख दिले. पावती मिळाली ती गुलाबी कार्बनची. वर कॉलेजचं नाव नाही, एनआयओएसचं नाव नाही. ‘पुस्तके व सेवा’ एवढंच, खाली एक गिचमिड सही. घरी आल्यावर बायकोनं पावती उलटीपालटी करून बघितली आणि म्हणाली, ‘‘अहो, ह्याच्यावर कुणाचा शिक्काच नाही.’’ मी तिच्यावरच खेकसलो.

दिवाळीपर्यंत पुस्तकं येणार होती. आल्या त्या झेरॉक्स नोट्स, त्याही इंग्रजी, मधली पानं गायब. एनआयओएसमध्ये विद्यार्थ्याला एनरोलमेंट नंबर मिळतो, ओळखपत्र मिळतं, घरी करायच्या असाइनमेंट असतात, अभ्यासकेंद्र ठरवून दिलेलं असतं. आम्हाला व्हॉट्सॲपवर एका स्लिपचा फोटो आला, त्यावर एक नंबर आणि ‘Biology’ असं इंग्रजीत छापलेलं. त्या संस्थेत बारावीच्या बायॉलॉजीचा कोड 314 आहे, हे नंतर कळलं. स्लिपवर कसलाच कोड नव्हता. जानेवारीत प्रॅक्टिकलचे म्हणून आणखी सहा हजार मागितले, तेही दिले. कसे दिले विचारू नका. एकदा 28 दिलेल्या माणसाला सहा द्यायला जड जात नाही, उलट नाही दिले तर 28 बुडतील असं वाटतं.

एप्रिल 2025 मध्ये माझ्या मेव्हणीचा मुलगा कोल्हापुरातनं सुट्टीला आला. तो इंजिनिअरिंगला आहे. त्यानं बसल्या जागी मोबाईलवर तो नंबर टाकला. रेकॉर्डच नाही. मग त्यानं माझ्या पोराची पीयूसी पहिल्या वर्षाची विषयांची यादी बघितली आणि त्यावर बोट ठेवलं. आपल्या पीयू बोर्डात प्रत्येक विषयाला नंबर असतो. फिजिक्स 33, केमिस्ट्री 34, मॅथ्स 35, बायॉलॉजी 36. आमच्या यादीत 33, 34, 35 आणि पुढं थेट 41. 41 म्हणजे कॉम्प्युटर. ‘‘काका, इथं 36 पाहिजे होतं.’’ छत्तीसचा आकडा म्हणतात तो आमच्या घरात असा आला.

आणि त्यानंच सांगितलं ते ऐकून तर मी गारच झालो. नीटला 180 प्रश्न, 720 मार्क. त्यातले 90 प्रश्न, म्हणजे 360 मार्क, एकट्या बायॉलॉजीचे. निम्मा पेपर! जो विषय निम्मा पेपर आहे तो मी व्हरांड्यातल्या एका माणसाकडं गुलाबी पावतीवर सोपवला होता. दुसऱ्या बाजूला मॅथ्सचा नीटमध्ये एकही प्रश्न नाही. मेडिकलसाठी फिजिक्स, केमिस्ट्री, बायॉलॉजी आणि इंग्रजी लागतं. त्या तीन विषयांना मिळून खुल्या वर्गाला बारावीत 50 टक्के आणि एससी, एसटी, ओबीसीला 40 टक्के लागतात. मॅथ्स नको वाटत असेल तर ते सोडूनही हे होतं. फक्त तसं कॉम्बिनेशन ज्या कॉलेजात आहे तिथं जावं लागतं, आणि बी हे अक्षर काहीही झालं तरी हातचं सोडायचं नाही.

कॉलेजात गेलो. ऑफिसमधनं सांगितलं, असा माणूस आमच्याकडं कामाला नाही, ॲडमिशनच्या दिवसांत बाहेरचे बरेच जण येऊन बसतात. टेबल कुणाचं, खुर्ची कुणाची, पंखा कुणाच्या बोर्डावर फिरत होता, हे विचारलं तर साहेब जेवायला गेले. पीसीएमसीचा फॉर्म तुम्हीच सही करून दिलाय, असं म्हणून माझीच सही माझ्यासमोर धरली. सही माझीच होती.

फोन चार दिवस लागला, मग बंद. पोलिसांत तक्रार दिली, फसवणुकीचं कलम आता भारतीय न्याय संहितेत 318 आहे असं तिथं कळलं. तिथल्या हवालदारानं विचारलं, रोख दिले? साक्षीदार? बायकोचं नाव सांगितलं. आठवड्यानं मध्यस्थामार्फत दहा हजार परत आले. बाकीचे 24 तसेच आहेत. फोनपेवर दिले असते तर निदान कुणाच्या खात्यात गेले ते दिसलं असतं.

मधल्या काळात शेजारपाजारचे सल्ले सुरू झाले. एकानं सांगितलं, पोराला नीट मराठीतनं द्यायला लावा, सोपी जाईल. मराठी पेपर आहे, पण तो महाराष्ट्रातल्या केंद्रांवर मिळतो. बेळगावात केंद्र घेतलं तर कन्नड किंवा इंग्रजी, हिंदी, उर्दू. म्हणजे मराठी हवी तर कोल्हापूर किंवा सांगली केंद्र घ्यायचं. दुसरा म्हणाला, सीईटी द्या. कर्नाटकात एमबीबीएसचं मेरिट आता नीटवरच लागतं, सीईटीच्या बायॉलॉजीवर नाही. प्रवेशाची फेरी तेवढी केईए, म्हणजे कर्नाटकाचं परीक्षा प्राधिकरण, घेतं. हे दोन्ही सल्ले देणारे भली माणसं आहेत, पण भल्या माणसांच्या अर्धवट माहितीनंसुद्धा एखादा फॉर्म बाद होतो.

आता पोरगा दुसऱ्या वर्षाला पीसीएमसीतच आहे. मधेच कॉम्बिनेशन बदलून मिळालं नाही. बारावी पास झाल्यावर, ज्या सूचनेच्या झेरॉक्सनं आम्हाला बुडवलं त्याच सूचनेप्रमाणं, बायॉलॉजी जादा विषय म्हणून तो स्वतः भरणार आहे. एनआयओएसला एकदोन विषयांपुरतं ॲडमिशन घेता येतं, आणि त्याची सरकारी फी आम्ही दिलेल्या पैशांच्या जवळपासही फिरकत नाही. फॉर्म ऑनलाइन, पैसे ऑनलाइन, पावतीवर संस्थेचं नाव. म्हणजे एक वर्ष गेलं, पण रस्ता आहे. रोज संध्याकाळी सातला तो वडगावला एका मास्तरांकडं बायॉलॉजीला जातो, पहिल्या पाठापासनं.

गेल्या जूनमध्ये कॉम्बिनेशनची चौकशी करायला मी पुन्हा त्या कॉलेजात गेलो होतो. व्हरांड्यात तेच टेबल, तोच पंखा, खुर्चीवर दुसराच पोरगा. समोर खानापूरकडची एक बाई, तिच्याबरोबर दोन वेण्यांची मुलगी. मी शेजारी जाऊन उभा राहिलो आणि त्या मुलीला विचारलं, ‘‘बाळ, फॉर्मवर शेवटचा नंबर कुठला लिहिलाय बघ. 36 आहे का 41?’’ ती खाली वाकून बघू लागली. टेबलावरच्यानं फॉर्म पटकन आपल्याकडं ओढून घेतला.