घरपोच डीएनए किट: नमुना चोख, टक्के सैल

आपले पूर्वज कुठले हे सांगणाऱ्या घरपोच डीएनए किटमध्ये लाळेची नळी आणि गालातून फिरवायचा बोळा, असे दोन प्रकार मिळतात. कोकणात नळीच घ्या. बोळा नीट वाळला नाही तर पावसाळ्याच्या दमट हवेत बुरशी धरतो आणि डीएनए तुटतो. नळीच्या झाकणातलं द्रव लाळेत मिसळलं की नमुना बर्फाशिवाय कित्येक आठवडे टिकतो, त्यामुळे गुहागरच्या एखाद्या वाडीतून निघालेलं पार्सल वाटेत रेंगाळलं तरी चालतं.

आधी अर्धा तास चहा, जेवण, पान, तंबाखू काही नको. खुणेपर्यंत, म्हणजे बहुतेक नळ्यांत सुमारे 2 मिली लाळ हवी, आणि ती फेस वगळून. बरेच नमुने इथेच बाद होतात. म्हाताऱ्या माणसांचं तोंड कोरडं पडतं. गाल बाहेरून चोळले की लाळ सुटते. बारकोड मात्र नळी पाठवण्याआधी नोंदवा, नाहीतर प्रयोगशाळेत नमुना बेवारस.

इथवर पैकीच्या पैकी गुण. अहवालाला तेवढे देता येत नाहीत. प्रयोगशाळेतली चिप डीएनएतल्या साधारण सहा-सात लाख जागा वाचते, ते वाचन सहसा बिनचूक असतं. कुठल्या प्रदेशाचा किती वारसा, हे टक्के मात्र कंपनीकडच्या तुलनेच्या नमुन्यांवर ठरतात. त्यात कोकणातली माणसं कमी असली की ‘दक्षिण भारत’, ‘गुजरात’ आणि वर चार टक्के ‘पूर्व युरोप’ अशी खिचडी येते. लगेच ‘आपण मूळचे युक्रेनचे’ म्हणून कुलवृत्तांतात लिहू नका! काळ्या समुद्राच्या उत्तरेकडच्या गवताळ प्रदेशातल्या पशुपालकांचा वारसा इ.स.पू. 2000 ते 1500 च्या सुमारास भारतात आला. युक्रेनी, पोलिश, रशियन लोकांतही तोच वारसा आहे. म्हणजे नातं लांबच्या भाऊबंदकीचं. बापाकडून मुलाकडे जाणाऱ्या वाय गुणसूत्रातली आर1ए ही शाखा दोन्हीकडे सापडते, पण आपल्याकडची उपशाखा झेड93 आणि तिकडची प्रामुख्याने झेड282. अहवालात नुसतं ‘आर1ए’ असेल तर त्यातून काही कळत नाही.

पूर्व युरोपातही टक्क्यांची हीच अडचण. युक्रेनी, पोलिश आणि बेलारूसी इतके जवळचे की टक्क्यांवरून देशाची हद्द ओळखता येत नाही. उत्तर रशियात फिनो-उग्रिक (फिनिश भाषेच्या कुळातल्या लोकांचा) वारसा वाढतो, वाय गुणसूत्राची एन शाखा जास्त दिसते. नैऋत्येला बाल्कनकडे आय2 वाढते. हंगेरियन भाषा वेगळ्या कुळातली, पण माणसं जनुकांनी शेजाऱ्यांसारखीच.

दोन दूरचे वारसे एकत्र आलेले असतील तिथे ही पद्धत चांगली चालते. रायगडातून पसरलेल्या बेने इस्रायल समाजात ज्यू आणि स्थानिक भारतीय, दोन्ही वारसे 2016 च्या संशोधनात स्पष्ट दिसले.

गोपनीयतेची अट नीट वाचा. 23अँडमी या अमेरिकी डीएनए चाचणी कंपनीतून 2023 मध्ये सुमारे 69 लाख लोकांची माहिती बाहेर गेली, मार्च 2025 मध्ये कंपनीने दिवाळखोरीचा अर्ज केला. आपल्या डीएनए वाचनाची कच्ची फाइल उतरवून घ्या, मग नमुना नष्ट करायला लेखी सांगा.

बाईला वडिलांकडची ओळ हवी असेल तर भाऊ, वडील किंवा सख्ख्या काकांची लाळ पाठवावी. तिच्या स्वतःच्या नमुन्यात वाय नसतं, आणि किटच्या खोक्यावर हे क्वचितच ठळक छापलेलं असतं.