आधी 'स्केअरक्रो' की आधी 'बॉर्न इन द यू.एस.ए.'?

अमेरिकेतलं हार्टलँड रॉक, म्हणजे तिथल्या छोट्या गावांतल्या कष्टकरी माणसांची गाणी सांगणारं रॉक संगीत, ऐकायला सुरुवात कुठून करायची, असं विचारलं की बहुतेक जण ब्रूस स्प्रिंगस्टीनच्या 'बॉर्न इन द यू.एस.ए.'कडे (1984) बोट दाखवतात. तुम्ही गाण्यातले शब्द कान देऊन ऐकणारे असाल, तर मी म्हणेन, आधी जॉन मेलनकॅम्पचा 'स्केअरक्रो' (1985) घ्या.

स्प्रिंगस्टीनचा अल्बम थोर आहे, यात वाद नाही. त्यातली 7 गाणी बिलबोर्डच्या, म्हणजे अमेरिकेतल्या लोकप्रिय गाण्यांच्या, यादीत पहिल्या दहात पोचली. रॉय बिटनचा सिंथेसायझर आणि मॅक्स वाइनबर्गचे ड्रम्स सुरू होताक्षणी अंगात भिनतात. नवख्याची गल्लत होते ती इथेच. शीर्षकगीत आहे व्हिएतनामहून परतलेल्या आणि कामासाठी वणवण करणाऱ्या माणसाचं, पण चाल इतकी जल्लोषाची की वरवर ऐकणाऱ्याला ते देशाभिमानाचं गाणं वाटतं. हेच गाणं स्प्रिंगस्टीनने 1982 मध्ये नुसत्या गिटारवर म्हणून ठेवलं होतं. ते ऐका, मग त्यातला संताप थेट भिडतो.

'स्केअरक्रो'त असा आडपडदा नाही. मेलनकॅम्प इंडियानातल्या सेमूर गावचा आणि अल्बमही इंडियानातच ध्वनिमुद्रित झालेला. 1970 च्या दशकात जमिनीचे भाव चढत होते, तेव्हा तिथल्या शेतकऱ्यांनी भरमसाट कर्जं काढली. पुढे व्याज वाढलं, धान्याचे आणि जमिनीचे भाव पडले, बँका दारात आल्या. कर्ज, जप्ती, लिलाव हे आपल्याकडे कुणाला समजावून सांगावं लागत नाही. पहिल्याच 'रेन ऑन द स्केअरक्रो'मध्ये शेताचा लिलाव पुकारायला येतो तो घरोब्यातला जुना मित्र. त्याचाही इलाज नाही, ते त्याचं काम आहे. कोर्टाच्या आवारात 97 क्रूस रोवले जातात, जमीन गेलेल्या प्रत्येक कुटुंबामागे एक. ज्वर चढलेलं हे गाणं संपतं आणि मेलनकॅम्पची आजी जुन्या गाण्याच्या दोन-चार ओळी म्हणते, जेमतेम मिनिटभर. आवाज थकलेला, कसलीही सजावट नाही. मला अख्ख्या अल्बममध्ये हीच जागा सर्वांत मोलाची वाटते. जमीन गेली म्हणजे कुणाचं काय गेलं, ते इथे कळतं.

केनी अ‍ॅरोनॉफचे ड्रम्स कोरडे आणि नेमके आहेत. गिटारही मोकळ्या, त्यामुळे शब्द कुठे बुडत नाहीत. त्याच वर्षी 22 सप्टेंबरला विली नेल्सन आणि नील यंग या गायकांसोबत मेलनकॅम्पने इलिनॉयमधल्या शॅम्पेनला शेतकऱ्यांच्या मदतीसाठीचा पहिला 'फार्म एड' हा गाण्यांचा कार्यक्रम उभा केला, तोही याच कळकळीतून.

उणं आहेच. 'जस्टिस अँड इंडिपेंडन्स '85' मधलं रूपक ओढूनताणून आणलेलं आहे, ते गाणं खुशाल गाळा. सुरावटींची विविधता हवी असेल, किंवा गाडी चालवताना सलग लावायला काही हवं असेल, तर स्प्रिंगस्टीनच घ्या. 'आय'म ऑन फायर'सारखं दबक्या आवाजातलं, अडीच मिनिटांत संपणारं गाणं मेलनकॅम्पकडे नाही.

'स्केअरक्रो' आवडला तर लगेच स्प्रिंगस्टीनकडे वळू नका. मेलनकॅम्पचाच 'द लोनसम जुबिली' (1987) लावा. त्यात व्हायोलिन आणि अकॉर्डियन येतात आणि त्याचं संगीत आणखी मातीकडे सरकतं.