मालवणच्या पाण्यासाठी कॅमेरा: गोप्रो, टीजी की मिररलेस?

भाच्यानं तारकर्लीला ओपन वॉटरचा, म्हणजे स्कूबा डायव्हिंगचा पहिला कोर्स पूर्ण केला आणि पंधरा दिवसांत व्हॉट्सअॅपवर तीन फोटो आले. एक गोप्रो, एक ओएम सिस्टिमचा छोटा टीजी-७ आणि तिसरं त्याच्याकडे असलेल्या मिररलेसचं (लेन्स बदलता येणाऱ्या मोठ्या कॅमेऱ्याचं) हाऊसिंग, म्हणजे पाणी आत न येऊ देणारी पेटी, जिची किंमत कॅमेऱ्याहून जास्त. खाली एकच ओळ: "मामा, यातलं काय घेऊ?" मी उलट विचारलं, "कोर्सच्या शेवटच्या दिवशी पाण्यात किती लांबचं दिसत होतं?" म्हणाला, "तीन-चार मीटर." अर्धं उत्तर तिथंच मिळालं.

कॅमेऱ्यांची बहुतेक परीक्षणं निळ्या, काचेसारख्या पाण्यात झालेली असतात. आपल्याकडे देवबागला कर्ली समुद्राला मिळते, किनाऱ्याला वाळू, पाण्यात प्लवक, आणि भरती-ओहोटी हा सगळा गाळ ढवळत राहते. थंडीत पाणी निवळतं, तरी सकाळी बोटवाला हात बुडवून "आज काय दिसूचा नाय" म्हणाला की समजून जायचं. डोळ्याला चार मीटर दिसत असलं, तरी चार मीटरवरच्या माशाचा फोटो पातळ हिरव्या वरणात बुडाल्यासारखाच येतो. मासा आणि काच यांच्यामध्ये पाणी जितकं कमी, तितका फोटो स्वच्छ. म्हणून कोकणात कॅमेरा निवडताना मेगापिक्सेल नंतर बघा. हा कॅमेरा वस्तूच्या किती जवळ जाऊन फोकस करतो, हे आधी विचारा.

मोबाइलच्या पाऊचचा विचार मनात असेल तर तो इथंच सोडा. फोनवर लिहिलेलं आयपी६८ हे पाणी-धुळीपासून बचावाचं मानांकन गोड्या पाण्यातल्या चाचणीचं आहे. शिवाय जरा खोल गेलं की पाण्याच्या दाबानं पाऊच स्क्रीनला चिकटतं आणि टच ऐकेनासा होतो.

गोप्रो. हिरो १३ हाऊसिंगशिवाय १० मीटरपर्यंत चालतो, डायव्हिंगच्या केसमध्ये ६० मीटरपर्यंत. केस स्वस्त, हाताच्या मुठीत मावणारी. सिंधुदुर्ग किल्ल्याजवळ गाइडचा हात धरून जे डायव्हिंग होतं, त्याचे व्हिडिओ गाइड याच जातीच्या कॅमेऱ्यावर काढतात आणि ते चांगले येतात. लेन्स वाइड असल्यानं माणूस हातभर अंतरावरही चौकटीत पूर्ण बसतो. पण फूटभर अंतराच्या आत हा कॅमेरा आंधळा. खडकाच्या कपारीतून मिशा बाहेर काढून बसलेली शेवंड (लॉबस्टर) टिपायला गेलात तर मिशा पुसट आणि मागचा खडक स्पष्ट. २७ मेगापिक्सेल असून उपयोग नाही. व्हिडिओच हवा असेल, घरच्यांना दाखवायचं असेल, तर गोप्रो घ्या आणि पुढचं वाचू नका. सोबत रंगाचा फिल्टर घेणार असाल तर एक लक्षात ठेवा: दुकानात सहज मिळणारा लाल फिल्टर निळ्या पाण्यासाठी असतो, आपल्या हिरव्या पाण्याला गुलाबी-जांभळट मजेंटा लागतो.

टीजी-७. यावर मी जरा रेंगाळणार आहे, कारण माझ्या हातात याचाच थोरला भाऊ टीजी-६ आहे. सेन्सर लहान, मेगापिक्सेल फक्त १२. कागदावर गोप्रोपुढेही फिका. पण मायक्रोस्कोप मोडमध्ये तो १ सेंटिमीटरवर फोकस करतो. नखाएवढी समुद्री गोगलगाय, पोवळ्याची एकेक तोंडं, अंधारात बसलेल्या कुर्लीचे डोळे, हे सगळं अख्ख्या चौकटीत येतं. मध्ये पाणी बोटभरच, त्यामुळे गढूळपणा जवळजवळ उरतच नाही. पाण्याखालचे मोड आणि व्हाइट बॅलन्स (रंग सावरायची सोय) तयार मिळतात, नंतर संगणकावर रंग सुधारायला रॉ फाइलही मिळते.

उणिवाही ऐका. पूर्ण मॅन्युअल मोड नाही, शटरचा वेग आपल्या हातात नाही. उजेड कमी झाला की फोटो दाणेदार येतो. आणि मुख्य म्हणजे हाऊसिंगशिवाय मर्यादा १५ मीटर. पहिल्यांदा पाण्यात उतरणाऱ्याला १२ मीटरच्या खाली नेत नाहीत, त्याला ती पुरते. भाच्याच्या कोर्सच्या कार्डावर मात्र १८ मीटर लिहिलंय. नेमके हे तीन मीटर लोक विसरतात. शिवाय नुसत्या कॅमेऱ्याची बॅटरीची आणि केबलची झाकणं हेच त्याचे दरवाजे, तिथं वाळूचा एक कण अडकला की संपलं. म्हणून हिशेब करताना हाऊसिंग धरूनच करा. पीटी-०५९ हे हाऊसिंग ४५ मीटरचं, टीजी-६ आणि टीजी-७ दोघांनाही बसतं. हाऊसिंग साधारणपणे एकाच मॉडेलचं असतं, कॅमेरा बदलला की ते शोकेसमध्ये जातं. त्यामुळे दोन मॉडेलांना चालणारं मिळणं ही लहान गोष्ट नाही, जुन्या बाजारात तर नाहीच.

मिररलेस. फोटो सगळ्यांत सरस येतात, यात वादच नाही. पण हाऊसिंग बघा: अॅल्युमिनियमचं नॉटिकॅम किंवा प्लास्टिकचं आयकेलाइट, त्यावर लेन्ससमोरची काच, म्हणजे पोर्ट: वाइड लेन्सला घुमटासारखा डोम पोर्ट, मॅक्रोला, म्हणजे अगदी जवळच्या फोटोंना, सपाट पोर्ट. सपाट काचेतून पाण्यात वस्तू तिसऱ्या हिश्श्यानं मोठी दिसते. मॅक्रोला ते पथ्यावर पडतं, वाइड लेन्सचा मात्र वाइडपणाच जातो, म्हणून डोम. पाण्याखाली लेन्स बदलता येत नाही, म्हणजे कोणता पोर्ट लावायचा हे किनाऱ्यावरच ठरवायचं. वर दोन स्ट्रोब, म्हणजे पाण्याखालचे फ्लॅश, आणि ते धरणारे दांडे. हे सगळं घेऊन फायबरच्या छोट्या बोटीत दहा माणसांत बसून बघा. माझ्या मते हा खर्च नव्या डायव्हरनं करू नये. दोन्ही हात कॅमेऱ्याला गुंतले की तरंगण्याचा तोल सुटतो, आणि पाय आपटतात पोवळ्यांवर. मालवणचं सागरी अभयारण्य १९८७ पासूनचं आहे आणि पोवळ्यांना वन्यजीव कायद्याचं संरक्षण आहे.

अंग्रिया बँकेची, म्हणजे भर समुद्रातल्या बुडालेल्या पठाराची स्वप्नं पडत असतील तर गोष्ट वेगळी. विजयदुर्गापासून शंभरावर किलोमीटर आत, पाणी स्वच्छ, पण पठाराचा माथाच सुमारे २० मीटर खाली. तिथं हाऊसिंगशिवायचा गोप्रोही चालत नाही आणि टीजीही नाही.

सोनीच्या आरएक्स१०० सारखे एक इंची सेन्सरचे कॅमेरे टीजी आणि मिररलेस यांच्या मधले. फोटो टीजीपेक्षा चांगले, पण जवळ जायला बाहेरून वेगळी लेन्स लावावी लागते. भाच्याच्या यादीत ते नव्हते आणि मीही घुसडले नाहीत.

आता दिव्याचं. लाल रंग पहिल्या पाचेक मीटरमध्येच जवळजवळ गायब होतो, त्यामुळे तांबोशीसारखा लाल मासासुद्धा राखाडी दिसतो. उजेड सोबत न्यावाच लागतो. पण आंबोलीच्या धुक्यात अप्पर मारून गाडी चालवली तर समोर पांढरी भिंत उभी राहते, तसंच कॅमेऱ्याचा फ्लॅश गढूळ पाण्यात करतो: प्रत्येक कण चमकतो. दिवा लेन्सपासून लांब, बाजूला हवा. त्यामुळे पैसे उरले तर दुसऱ्या कॅमेऱ्यात घालू नका, एका बऱ्या व्हिडिओ लाइटमध्ये आणि तो धरणाऱ्या लांब दांड्यात घाला. लाइट लावल्यावर फिल्टर काढायचा.

माझं पहिलं हाऊसिंग बुडालं ते एका केसामुळे. घाईत बोटीवर झाकण लावलं, ओ-रिंगवर, म्हणजे झाकणाच्या रबरी कड्यावर, केस आडवा पडलेला दिसला नाही. दहा मीटरवर दाब किनाऱ्याच्या दुप्पट होतो, त्याला केसाएवढी वाट पुरते. तेव्हापासून हाऊसिंग आदल्या रात्री खोलीत एसी लावून बंद करतो. ओ-रिंग बोटानं चाचपायची, सिलिकॉन ग्रीस नावापुरतं, आत सिलिका जेलची पुडी. एसीतली कोरडी हवा आत अडकली की काचेवर आतून वाफ धरत नाही. बोटीवरच्या दमट हवेत झाकण उघडलं की वाफ धरलीच. नवं हाऊसिंग पहिल्या डायव्हला रिकामं न्या, आत टिश्यू पेपर ठेवून. वर आल्यावर बालदीभर गोड्या पाण्यात अर्धा तास बुडवून बटणं दाबत राहा, नाहीतर मीठ सुकून बटणं अडकतात.

भाच्यानं शेवटी टीजी-७ घेतला, हाऊसिंग कुणाचं तरी वापरलेलं. पुढच्या काचेवर ओरखडा नाही, मॉडेल तेच, ओ-रिंग मात्र आल्या दिवशी नवी घातली. दिव्यासाठी दिवाळीपर्यंत थांबणार आहे. मेअखेरीस डायव्हिंग बंद झालं की बॅटरी बाहेर, मोठी ओ-रिंग खाचेतून काढून पिशवीत, झाकण सैल, एवढं त्याला लिहून दिलंय. नारळी पौर्णिमेनंतर पिशवी उघडून ओ-रिंग उजेडात धरून बघायची, चीर दिसली तर फेकायची.