बर्डीवरचं पाटी नसलेलं जुन्या पुस्तकांचं दुकान

मी घरून मराठी सबटायटल्स लिहिते. गेल्या महिन्यात एका परदेशी मालिकेत ‘हाईस्ट’ हा शब्द पहिल्याच भागात अकरा वेळा आला आणि माझं काम अडलं. तिघं जण रात्री संग्रहालयातून चित्र पळवतात, कुणाच्या अंगाला हातही न लावता. ‘दरोडा’ लिहू म्हटलं, तर कायद्यात दरोड्याला किमान पाच माणसं लागतात. माझे सासरे जिल्हा कोर्टात कारकून होते, त्यामुळे हे घरात सगळ्यांना पाठ आहे. ‘जबरी चोरी’त मारहाण किंवा धाक हवा, तोही इथे नाही. आणि नुसतं ‘चोरी’ लिहिलं, तर सहा महिने केलेली आखणी त्यात कुठे दिसणार?

म्हणून बर्डीला, म्हणजे नागपूरच्या सीताबर्डीला गेले. झाशी राणी चौकाकडून येताना एका जिन्याखाली हे दुकान आहे. पाटी नाही, दोन माणसं उभी राहिली की जागा भरते. पुस्तकं विषयवार लावलेली नाहीत, पण मालकांच्या डोक्यात सगळी यादी आहे. मी शब्द सांगितला. ते म्हणाले, “म्हणजे चोरट्यांची इंग्रजी पाह्यजे तुम्हाले. थांबा ताई.” आणि वरच्या फळीवरून कव्हर गेलेला, इंग्रजीतल्या रांगड्या बोलीचा एक जाडजूड कोश काढून दिला. बसायला स्टूलही दिलं. पाऊण तास वाचत बसले, तरी ‘घेता की नाही’ असं एकदाही विचारलं नाही.

‘हाईस्ट’ म्हणजे बोलताना बदललेला ‘हॉइस्ट’. हॉइस्ट म्हणजे उचलणं, वर ओढून घेणं. चोरांच्या बोलीत त्याचा अर्थ दुकानातला माल लांबवणं असा झाला आणि १९२०-३०च्या सुमारास अमेरिकेतल्या गुन्हेगारांच्या तोंडी त्याचा ‘हाईस्ट’ होऊन तो मोठ्या लुटीला लागला. मला एकदम आपली ‘उचलेगिरी’ आठवली! तिकडेही उचलणं, इकडेही उचलणं. फक्त आपला उचल्या बाजारातल्या पिशव्यांपाशीच राहिला आणि त्यांचा हाईस्ट बँकेच्या तिजोरीपर्यंत गेला. ‘उचलेगिरी’ लिहायचा मोह फार झाला, पण कोट्यवधींच्या चित्राला तो शब्द फार लहान पडतो.

माझा चेहरा पाहून मालकांनी ‘हॉब्सन-जॉब्सन’ची एक प्रतही पुढे केली. इंग्रजीत गेलेल्या आपल्याकडच्या शब्दांचा हा कोश, १८८६चा. माझ्या हातातली अर्थात नंतरची आवृत्ती. त्यात ‘लूट’ आहे, ‘ठग’ आहे, ‘डकैत’ही आहे. दुकानातून बाहेर पाहिलं की बर्डीची टेकडी आहेच. नोव्हेंबर १८१७मध्ये अप्पासाहेब भोसल्यांची फौज आणि कंपनीची फौज तिथे लढली, त्याच्या आधीच ‘लूट’ इंग्रजीत पोचली होती. हे वाचताना मी तिकडे कितीदा तरी पाहिलं.

बोलीचा कोश तीनशे सांगितला, दोनशे वीसला दिला. दुसऱ्याचे साडेतीनशे, त्यातली शेवटची काही पानं नाहीत, हे त्यांनी पैसे घ्यायच्या आधीच सांगितलं. महिन्याभरात परत केलं तर अर्धे पैसे मिळतात. धूळ भरपूर आहे, शिंका येत असतील तर तोंडाला रुमाल बांधून जा. बिल मिळत नाही. उन्हाळ्यात दुपारी बंद असतं, पाचनंतर जावं.

काम पाठवल्यावर परत गेले, तेव्हा त्यांनीच विचारलं, “मंग काय लिहिलं शेवटी?”

“डल्ला.”

“बराबर हाय,” ते म्हणाले, “पेपरात तेच येते.”