स्लो कुकर की प्रेशर कुकर?

दोन्ही भांडी शिजवतातच, पण वेळेचा हिशेब अगदी उलटा. प्रेशर कुकरमध्ये वाफ कोंडल्याने पाणी साधारण १२० अंश सेल्सिअसला उकळतं, म्हणून भिजवलेली कडधान्यं अर्ध्या तासाच्या आत मऊ होतात. स्लो कुकर, म्हणजे मंद आचेवर शिजवणारं विजेचं भांडं, उकळीच्या जरा खालीच रेंगाळतो: ‘लो’वर आठ तास, ‘हाय’वर चारेक.

मग एवढा वेळ कोणाला आहे? गंमत अशी की, घाईत असणाऱ्यांनाच. सकाळी भाज्या चिरून, पाणी-मसाला घालून बटण दाबायचं आणि कॉलेजला किंवा कामाला निघायचं. शिट्ट्या मोजायला नकोत, तळाला लागायची धास्ती नाही. मांसाचे चिवट, स्वस्त तुकडे तर यात सुरेख होतात, कारण त्यांतलं कोलॅजन (मांसातलं चिवट प्रथिन) हळूहळू विरघळून रस्सा दाट होतो. फक्त सारखं झाकण उघडून डोकावू नका. दर वेळी वीस-तीस मिनिटं वाढतात. (मला अजून राहवत नाही.)

एक धोका मात्र गंभीर आहे. कच्चा राजमा थेट स्लो कुकरमध्ये कधीच टाकू नये. त्यातलं लेक्टिन नावाचं विषारी प्रथिन मंद आचेवर नष्ट होत नाही. रात्रभर भिजवून, ते पाणी फेकून, ताज्या पाण्यात किमान दहा मिनिटं खळखळून उकळावा लागतो. गोठवलेलं मांसही आधी पूर्ण वितळवून घ्यावं.

संध्याकाळी सातला घरी येऊन आठला जेवायचं असेल आणि सकाळी काहीच तयारी झाली नसेल, तर प्रेशर कुकरच काढा.