सातेरीसाठी आठ फ्रेमची लाकडी पेटी: माझा अनुभव

मी कुडाळ तालुक्यात सातेरी, म्हणजे आपल्याकडच्या देशी मधमाश्या पाळते. माझ्याकडच्या बहुतेक वसाहती कुणाच्या चिऱ्याच्या भिंतीतून, कुणाच्या मीटरच्या पेटीतून काढून आणलेल्या आहेत. पूर्वी घर पाडायला घेतलं की माणसं रॉकेल घेऊन पोळ्याकडे धावायची. आता आधी मला फोन करतात, आणि पेट्या वाढतच चालल्यात. म्हणून पेटी घेताना मी एकच बघते, उचलून आणलेली वसाहत हिच्यात राहील का?

सावंतवाडीकडच्या एका सुतारकाकांनी केलेल्या ‘ए टाइप’ (देशी माशीसाठीच्या ठराविक मापाच्या) पेट्यांमध्ये वसाहती राहतात. मी मनापासून शिफारस करते.

मुख्य कारण जोडकाम. मेलिफेरा, म्हणजे युरोपियन मधमाशी, झाडांचा चिकट डिंक आणून फटी बुजवते. सातेरी डिंक गोळाच करत नाही, त्यामुळे सुताराने ठेवलेली फट कायमची राहते. तिथूनच मुंग्या शिरतात, मेणकिड्याचा पतंग अंडी घालतो, आणि तेवढ्याने सातेरी घर टाकून निघून जाते. या पेटीत तळपाट आणि पिल्लांच्या खोलीमध्ये पोस्टकार्डसुद्धा सरकत नाही. याआधी ऑनलाइन मागवलेल्या पेटीचं प्लायवूड पहिल्याच पावसाळ्यात फुगलं. फ्रेमा अशा अडकल्या की उपसताना माश्या चिरडल्या जायच्या, फार वाईट वाटायचं.

फ्रेमाही नीट काटकोनात आहेत. काढलेल्या पोळ्यातला मधाचा भाग वेगळा करायचा, पिल्लांचा भाग मापाने कापायचा, आणि वरची बाजू वरच ठेवून फ्रेमच्या वरच्या पट्टीला भिडवून केळीच्या सोपाने, म्हणजे वाळलेल्या सालीच्या दोरीने, बांधायचा. पट्टी सपाट असली तरच पोळं सगळीकडून टेकतं. मग माश्या ते मेणाने पट्टीला जोडून घेतात आणि सोप कुरतडून तुकडे दाराबाहेर टाकतात. सकाळी दारासमोर तो भुसा पडलेला दिसला की मी निर्धास्त होते.

राणीगेट, म्हणजे दारावर लावायची भोकांची पट्टी, पेटीसोबतच मिळतं, भोकं एकसारखी आहेत. कामकरी माश्या ये-जा करतात, राणी आत राहते. ताजी अंडी दिसली, पायांवर पराग यायला लागला की मी ते काढते. जास्त ठेवलं तर नरही आत अडकतात. राणी नवी, मीलन न झालेली असेल तर ते लावूच नका, तिला बाहेर उडावं लागतं.

खटकलं ते छत. पत्रा पातळ आहे, मार्चनंतर पेटी तापते आणि माश्या दारावर झुपक्याने लोंबतात. काकांना सांगितलं तर म्हणाले, “बाय, फुडच्या खेपेक आतसून फळी मारून देतंय.” खरोखरच मारून दिली. जुन्या पेट्यांवर मी माडाची झापं टाकते. स्टँडच्या पायांखालच्या पाण्याच्या वाट्या मात्र वेगळ्या घ्याव्या लागतात. पेटी ऑनलाइनवाल्यांपेक्षा महाग पडते, पण तो पैसा लाकडात दिसतो.

ऑर्डर पावसाळ्यातच द्या, कारण दिवाळीनंतर घरं पाडायची कामं निघतात आणि फोन सुरू होतात. रंग फक्त बाहेरून द्या, आणि त्याचा वास पूर्ण गेल्याशिवाय वसाहत भरू नका.